अमेरिकन सेमिनरीचा डी.मिन.चा फॉर्म भरला त्याचा रिव्ह्यू (पाचपैकी साडेतीन)

आधीच सांगून टाकतो, हा डिग्रीचा रिव्ह्यू नाही, फॉर्म भरण्याचा आहे. डिग्री अजून सुरू व्हायचीये. पण सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत साडेपाच महिने जे काय रामायण झालं त्यावर लिहायलाच पाहिजे, कारण आमच्या लाईनीतले, म्हणजे चर्चचे पाळक (धर्मगुरू), दहाबारा जण तरी मला फोन करून विचारतायत की पाळकसाहेब तुम्ही ते कसं केलं, आणि प्रत्येकाला परत परत सांगून माझा घसा बसलाय. सेमिनरीचं, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजचं, नाव मुद्दाम लिहीत नाहीये. त्यांनी शेवटी माझ्याशी चांगलंच केलं, पण मधे जो मनस्ताप झाला तो पण लिहिणार आहे, मग नाव कशाला.

मी पाथर्डी तालुक्यात एका गावातल्या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, पाळक आहे. अठरा वर्षं झाली. आधी बी.ए., मग पुण्याला सेमिनरीत चार वर्षं बी.डी. ही धर्मशास्त्राची डिग्री, हिब्रू-ग्रीक सगळं करून. सेमिनरी पुण्यातली असली तरी डिग्री सेरामपूरच्या सिनेटची. हे सेरामपूर लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

डी.मिन. म्हणजे डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री. पीएचडी नव्हे. हा गोंधळ आमच्यातल्या शिकलेल्या लोकांचा पण असतो म्हणून सांगतो. पीएचडी किंवा डी.टीएच. (डॉक्टर ऑफ थिऑलॉजी) वाला माणूस लायब्ररीत बसून एखाद्या ग्रंथाचा नाहीतर सिद्धांताचा कीस पाडतो, पुढं सेमिनरीत शिकवतो. डी.मिन.मधे तुम्ही ज्या मंडळीत काम करताय तिथलाच एक प्रश्न उचलायचा, त्यावर काहीतरी करून बघायचं आणि काय झालं, काय फसलं ते लिहायचं. नोकरी सोडायची नाही, उलट सेवेत नसाल तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत. अमेरिकेत सेमिनऱ्यांना मान्यता देणारी एटीएस म्हणून एक संस्था आहे, तिथल्या आणि कॅनडाच्या मिळून अडीचशेच्या वर सेमिनऱ्या तिच्यात आहेत, आणि तिचा नियम असा की किमान तीस क्रेडिटचा अभ्यास पाहिजे, आधी सेवेशी संबंधित मास्टर्स पाहिजे, आणि प्रत्यक्ष कामाचा भरपूर अनुभव पाहिजे. म्हणजे पंचविशीतल्या पोरानं सेमिनरीतून बाहेर पडल्या पडल्या अर्ज करायची ही गोष्टच नाही.

हे सांगायचं दुसरं कारण म्हणजे व्हॉट्सॲप. माझ्याकडं वर्षाला चारपाच तरी मेसेज येतात, डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी, पंधरा दिवसात, गाऊन टोपीसकट, हॉटेलात कार्यक्रम, फोटो, जेवण इन्क्लूड. एकानं तर हप्ते करून देतो म्हणून सांगितलं. बाबांनो, डी.डी. ही पदवी बहुतेक ठिकाणी मानाची म्हणून देतात, ती अर्ज करून विकत घ्यायची वस्तू नव्हे, आणि ज्या संस्थेचं नाव एटीएसच्या किंवा आपल्याकडं एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनच्या यादीत सापडत नाही तिथं पैसे टाकण्याआधी दहा वेळा विचार करा. दोन मिनिटांचं काम आहे यादी बघायचं. आमच्या ओळखीतल्या एकानं नाही बघितली, आता लेटरहेडवर डॉक्टर लिहितो आणि कुठून केलं विचारलं की विषय बदलतो.

तर मी फॉर्म उघडला. ऑनलाईन पोर्टल, दिसायला झकपक, फोनवर पण चालतं. पहिलं पान नाव. इथंच गाडं अडलं. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडलांचं, त्यांच्या फॉर्मवर फर्स्ट आणि लास्ट, आणि पासपोर्टवर तिसरीच तऱ्हा. मी मार्कशीटप्रमाणं भरलं तर सिस्टिमनं मला दीड महिना वडलांच्या नावानं हाक मारली. डिअर भास्कर. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. पहिल्यांदा तो मेल बघून मी चहा खाली ठेवला होता, नंतर सवय झाली.

मग जिल्हा. पासपोर्टवर अहमदनगर, आता सगळीकडं अहिल्यानगर. मग विद्यापीठ. माझ्या बी.ए.च्या सर्टिफिकेटवर नुसतं पुणे विद्यापीठ आहे, २०१४ला ते सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, त्यामुळं ट्रान्सक्रिप्ट (मार्कांचा अधिकृत उतारा) आलं नव्या नावानं आणि डिग्री जुन्या नावाची. तिकडून प्रश्न, ही दोन विद्यापीठं आहेत का? नाही बाई, एकच आहे. जिल्हा पण तोच आहे. माणूस पण मीच आहे, फक्त वडलांच्या नावानं फिरतोय.

पण खरा दणका बी.डी.ला बसला. शिक्षणाच्या पानावर ड्रॉपडाऊन आहे, सर्वोच्च पदवी निवडा. बॅचलर्स, मास्टर्स, डॉक्टोरल. बी.डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी, मग मी सरळ मनानं बॅचलर्स निवडलं. सबमिट. रात्री दोनला मेल आला, आपली पात्रता बसत नाही, आमच्याकडं मास्टर्स लागते, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. फी गेली ती गेलीच, पन्नास डॉलर. रात्री दोनला कोण मेल वाचतं म्हणाल, तर पाळकाचा फोन रात्री चालूच असतो, कुणाच्या घरी काय होईल सांगता येत नाही.

सकाळी मी इतका वैतागलो होतो की सोडूनच देणार होतो. मग आमच्या पुण्याच्या सेमिनरीतल्या एका जुन्या सरांना फोन लावला, ते हसायलाच लागले. म्हणाले, अरे अमेरिकेत पण आधी बी.डी.च होती, १९७०च्या आसपास त्यांनी तिचं नाव बदलून एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) केलं, आपण नाही केलं, एवढाच फरक. पदवीनंतरचीच डिग्री आहे ती, नावात बॅचलर राहिलं. आणि वर म्हणाले, त्यांना लिही की मार्टिन ल्यूथर किंगनी १९५१ला क्रोझर सेमिनरीतून घेतली ती पण बी.डी.च, तुमच्या ड्रॉपडाऊनमधे ते पण बसले नसते.

मी हे जसंच्या तसं लिहिलं. जरा नरम भाषेत, पण लिहिलं. सोबत सिनेटच्या अभ्यासक्रमाची प्रत, तासिका, पेपरांची यादी. तीन दिवसांनी एका बाईंचा मेल आला, माणसानं लिहिलेला, पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या नावानं. माफी मागितली, अर्ज परत उघडला, नवी फी घेतली नाही आणि सांगितलं की बी.डी. असणाऱ्यांनी ड्रॉपडाऊनमधे मास्टर्स निवडायचं आणि खाली खुलासा लिहायचा. हे त्यांच्या वेबसाईटवर कुठंही लिहिलेलं नाही. अजून पण नाही, मी परवा बघितलं. म्हणून इथं लिहितोय, बी.डी.वाल्यांनो, काही भरायच्या आधी ॲडमिशन ऑफिसला मेल टाका, तुमची डिग्री समकक्ष धरतील का ते लेखी घ्या, मगच फी भरा. माझा एक स्टार या एका ड्रॉपडाऊनमुळं कमी झालाय.

त्यांनी पुढं विचारलं की हे सेरामपूर काय प्रकरण आहे, युनिव्हर्सिटी आहे का कॉलेज आहे. योग्य प्रश्न आहे, आपल्याकडच्यांना पण माहीत नसतं. मी लिहिलं, १८१८ला केरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी काढलेलं कॉलेज, तेव्हा ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं म्हणून १८२७ला डॅनिश राजानं सनद देऊन पदव्या द्यायचा अधिकार दिला, आणि पुढं १९१८ला बंगालच्या कायदेमंडळानं कायदा करून तो पक्का केला. हाच तो विल्यम केरी ज्यानं १८०५ला मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१०ला मराठी-इंग्रजी कोश. मराठी पाळकाची डिग्री तिथली असणं म्हणजे घरचीच गोष्ट झाली, पण हे शेवटचं वाक्य मी खोडलं. आमच्या नगरला अमेरिकन मिशनरी १८३१ला आले तेव्हा त्यांचं ट्रान्सक्रिप्ट कुणी मागितलं नव्हतं, ते पण लिहायचा मोह झाला होता. बायको म्हणाली, गप बसा, ॲडमिशन पाहिजे ना.

आता श्रीरामपूरची गोष्ट. ट्रान्सक्रिप्टसाठी अर्ज, झेरॉक्स आणि डिमांड ड्राफ्ट कुरिअरनं सेरामपूरला पाठवायचं होतं, हुगळी जिल्हा, पश्चिम बंगाल. कुरिअरच्या काउंटरवरच्या पोरानं पत्ता वाचला, मला विचारलं म्हणजे श्रीरामपूरच ना? मी म्हणलं हो, बंगालीत त्याला श्रीरामपूरच म्हणतात. माझीच जीभ. त्यानं कॉम्प्युटरवर श्रीरामपूर टाइप केलं, पिनकोड आपोआप आला ४१३७०९, स्टिकर चिकटलं, मी पावती खिशात घालून निघालो. पाहिजे होता ७१२२०१. चार दिवसांनी फोन, साहेब, श्रीरामपूरला या नावाचं कॉलेज सापडत नाही, मार्केट यार्डाजवळ आहे का? माझा डिमांड ड्राफ्ट घरापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर उसाच्या ट्रॅक्टरांत फिरत होता. परत बोलावून घेतला, परत पाठवला, एकूण अठरा दिवस गेले. कुरिअरवाल्यानं दुसऱ्या वेळचे पैसे पण घेतले. वर पत्त्यावर मी स्वतः मोठ्या अक्षरात कोलकात्याजवळ असं लिहिलं. शिकवण काय तर पावतीवरचा पिनकोड काउंटरवरच वाचा.

इंग्लिशची परीक्षा घरीच दिली, डुओलिंगोची, तासाभराची असते. खोलीत एकटंच बसायचं, कान दिसले पाहिजेत, कुणी आत यायचं नाही, नजर स्क्रीनवरून हलवायची नाही. पोरीनं सगळं सेटअप करून दिलं आणि बाहेर दारात स्टूल टाकून बसली. पहिल्या वेळी वीसाव्या मिनिटाला लाईट गेली. दुसऱ्या वेळी सगळं सुरळीत, फक्त बोलायच्या प्रश्नाच्या वेळी बाहेर भंगारवाला, त्याचा स्पीकर, लोखंड पत्रा प्लॅस्टिक. मार्क लागले तेवढे पडले. दोन दिवसात रिझल्ट येतो, हे चांगलंय. चाळीशी उलटलेल्या माणसाला वेळेचं टेन्शन येतं, आधी दोनतीन वेळा फुकटची प्रॅक्टिस टेस्ट द्या.

शिफारसपत्रं तीन. एक वरिष्ठांचं, एक शिकवलेल्या सरांचं, आणि एक मंडळीतल्या साध्या सभासदाचं. ही तिसरी अट मला फार आवडली. म्हणजे तुम्ही सरांना आणि साहेबांना पटवाल हो, पण ज्यांच्यात रोज राहता त्यांना काय वाटतं. मी आमच्या पंचकमिटीतल्या गुरुजींचं नाव दिलं, झेडपीच्या शाळेतनं रिटायर झालेत, शहात्तर वय. त्यांचा ईमेल पुतण्या उघडतो. लिंक आली, पुतण्यानं त्यांना मोबाईल नेऊन दिला, आणि पहिलाच प्रश्न, हा उमेदवार तुम्ही पाहिलेल्या पाळकांमधे वरच्या दोन टक्क्यात, पाच टक्क्यात की दहा टक्क्यात? गुरुजी मला बोलावून म्हणाले, पाळकसाहेब, मी आयुष्यात तीन पाळक बघितले, त्यातले एक तुम्ही. टक्केवारी कशी काढू? तिघांत पहिला म्हणलं तर पहिल्या तेहेतीस टक्क्यात येता, आणि पहिला म्हणायचं का नाही ते अजून मी ठरवलेलं नाही.

त्यांनी टक्क्यांचा रकाना रिकामा सोडला. सिस्टिम पुढं जाईना. मग त्या बाईंनाच मेल केला, त्या म्हणाल्या पत्र मराठीत लिहू द्या, भाषांतर जोडा, रकाना आम्ही बघतो. गुरुजींनी फुलस्केपची दोन पानं लिहिली, आणि मला न दाखवता पाकीट बंद करून पुतण्याकडं दिली. नगरच्या एका मॅडमनी भाषांतर केलं. पत्रात काय आहे ते मला आजतागायत माहीत नाही, आणि रविवारी गुरुजी समोरच्या बाकावर बसतात.

आता मुख्य गोष्ट. निबंध. दहा पानांपर्यंत, तुमच्या सेवेचा संदर्भ आणि तुम्हाला कुठल्या प्रश्नावर काम करायचंय. मी ठोकून दिलं, जागतिकीकरणाच्या युगात ग्रामीण मंडळीपुढील आव्हाने. आठ पानं. त्यात पोस्टमॉडर्न होतं, सेक्युलरायझेशन होतं, डिजिटल क्रांती होती, फक्त आमचं गाव नव्हतं. तरी पण इंटरव्ह्यूला बोलावलं, बहुतेक गुरुजींच्या पत्रामुळं.

इंटरव्ह्यू डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, झूमवर, आपल्याकडं रात्री साडेआठ, त्यांच्याकडं सकाळचे दहा. दोन प्राध्यापक. एक बाई, एक म्हातारे गृहस्थ, पांढरी दाढी, स्वेटर. मी टाय घातला होता, खाली लुंगी. बाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. मग गृहस्थांनी माझा निबंध बाजूला ठेवला, दिसेल असा ठेवला, आणि विचारलं, तुमच्याकडं नाताळच्या उपासनेला किती लोक असतात?

मी म्हणलं, रजिस्टरला एकशेचाळीस कुटुंबं आहेत. ते म्हणाले, तसं नाही, नाताळला किती. मी म्हणलं, तीस-पस्तीस. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. ते म्हणाले, आमच्याकडं नाताळलाच चर्च भरतं, तुमच्याकडं रिकामं कसं?

मग सांगावं लागलं. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की अर्ध्याहून जास्त मंडळी ऊसतोडीला जाते. मुकादमाकडनं उचल घेतलेली असते, ट्रक येतो, बायको-पोरं-शेळ्या-भांडी सगळं चढतं, आणि सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, जिकडं कारखाना तिकडं. परत येतात मार्च-एप्रिलला. नाताळ तिकडं, नवं वर्ष तिकडं, कधीकधी ईस्टर पण तिकडं. त्यांनी विचारलं, एकेकटे जातात का कुटुंब? मी म्हणलं, जोडीनं. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. भाषांतर करताना मीच अडखळलो, अठरा वर्षं हा शब्द ऐकतोय, इंग्लिशमधे सांगताना पहिल्यांदा कानाला टोचला. बाई लिहून घेत होत्या, त्यांनी मला स्पेलिंग विचारलं.

ते गृहस्थ म्हणाले, बरं, आणि नाताळला तुम्ही कुठं असता?

मी म्हणलं, गावात. उपासना घ्यायला. त्या तीस-पस्तीस जणांची.

ते काहीच बोलले नाहीत. मला वाटलं नेट गेलं. मग म्हणाले, तुम्ही दोन पानं परत लिहून पाठवा, जागतिकीकरण काढून टाका.

खरं सांगतो, त्या रात्री मला राग आला होता. अरे तुला काय माहिती, थंडीत बसून. पण राग त्याच्यावर नव्हता हे पण कळत होतं. अठरा वर्षांत मी कारखान्यावर कधी गेलो नव्हतो असं नाही, एकदा मयत झालं तेव्हा गेलो होतो, एकदा ॲक्सिडेंटला. नाताळला नाही.

२५ला गावची उपासना उरकली, २७ला एसटीनं निघालो, कोल्हापूर भागातल्या एका कारखान्याच्या तळावर आमच्या गावची अकरा कुटुंबं होती. कोप्या म्हणजे पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या, वाकून आत जायचं. दिवसभर कुणी भेटत नाही, सगळे फडात. एका कोपीच्या तोंडाशी पोरांनी वाढ्याची चांदणी बांधली होती, उसाची हिरवी पानं दुमडून, मधे चिप्सच्या पुडीचा चकाकता कागद. आपण घरांवर लाईटची लावतो तशी. तीन दिवस झाल्यानं पानं सुकून वळली होती. रात्री नऊ चाळीसला सगळे जमले, हातपाय धुवून, बायका चुलीपासून उठून आल्या. मी एक भजन घेतलं, पवित्र शास्त्र उघडलं, लूकचा दुसरा अध्याय, मेंढपाळ रात्री रानात राहून कळप राखत होते तिथपर्यंत आलो. नऊ शेहेचाळीसला ट्रॅक्टरचा हॉर्न. गाडी भरायला आलीय. एक बाई म्हणाली, पाळकसाहेब आमेन म्हणा पटकन. म्हणलं. सगळे उठून मोळ्या उचलायला गेले, मी आणि तीन पोरं उरलो.

ते दोन पानात लिहिलं. वेळेसकट. वेगळं काहीच घातलं नाही, शेवटी फक्त प्रश्न लिहिला की सहा मिनिटांची उपासना कशी असते, कोण घेतं, आणि पाळक नसेल तर त्या अकरा कुटुंबांतल्या कुणाला तयार करता येईल का. फेब्रुवारीत पत्र आलं. प्रवेश, आणि फीत बऱ्यापैकी सूट. त्या गृहस्थांनी स्वतः गाईड व्हायचं कबूल केलंय, त्यांनी तिकडं शेतमजुरांमधे बरीच वर्षं काम केलंय हे मला नंतर कळलं. या एका गोष्टीसाठी मी इथं अमेरिकेची फी सोसतोय, नाहीतर बंगळुरूला साएक्स नावाच्या सेमिनरीत पण डी.मिन. आहे, खर्च कितीतरी कमी, व्हिसाची भानगड नाही, आणि बहुतेकांना मी तेच सुचवीन.

व्हिसाचं तेवढं सांगतो कारण फोनवर हाच प्रश्न जास्त येतो. हा कोर्स बराचसा ऑनलाईन आहे, वर्षातनं एकदा आठवडाभर तिकडं जायचं. लोक म्हणतात टुरिस्ट व्हिसावर जाऊन या. नाही चालत, टुरिस्ट व्हिसावर डिग्रीचा अभ्यास करता येत नाही, उगाच पुढचा रस्ता बंद होईल. विद्यार्थी व्हिसासाठी सेमिनरीनं आय-ट्वेंटी हा प्रवेशाचा दाखला द्यायला लागतो, आणि बहुतेक-ऑनलाईन कोर्सला तो मिळेलच असं नाही. मिळाला तर सेविसचे (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे) ३५० डॉलर वेगळे, व्हिसा अर्जाचे १८५ वेगळे. म्हणून अर्जाआधीच विचारायचं, तो आठवडा झूमवर करता येतो का. काही सेमिनऱ्या परवानगी देतात. पैसे पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म भरायला लागतो, आमच्या शाखेत तो फॉर्म मागितल्यावर मॅनेजर स्वतः उठून आला, त्यानं पण पहिल्यांदाच बघितला.

माझा आत्तापर्यंतचा खर्च, अर्ज फी, परीक्षा दोनदा, डिग्रीचं मूल्यांकन, कुरिअर दोनदा, भाषांतर, सगळं धरून एकतीस हजाराच्या आसपास. पाळकाच्या पगारात हा आकडा लहान नाही. गंमत म्हणजे यातलं सगळ्यात उपयोगी काय ठरलं, तर कारखान्यापर्यंतचं एसटीचं तिकीट, आणि ते हिशोबात धरलेलंच नाही.

साडेतीन स्टार असे, माणसांना पाच, पोर्टलला दोन. ॲडमिशन ऑफिसच्या त्या बाईंनी शेवटपर्यंत प्रत्येक मेलला उत्तर दिलं, नाताळच्या सुट्टीत पण. पोर्टल अजून मला डिअर भास्कर म्हणतं.

आता नवीनच अडचण झालीय. पहिला आठवडा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवलाय, आणि मी कोप्यांवरच्या लोकांना कबूल करून बसलोय की यंदा नाताळपासून पंधरा दिवस तिकडंच राहीन. झूमवर चालेल का विचारलंय, पण तळावर रेंज फक्त वजनकाट्याजवळ येते, तिथं रात्रभर गाड्यांची रांग असते. तसं मेलमधे लिहिलंय, वजनकाट्यासकट. उत्तर आलं की सांगतो.